अस्वलाची विचारपूस

आमच्या जेवणाच्या टेबलाचा एक पाय बाकीच्या तिन्हींपेक्षा वेगळ्या लाकडाचा आहे. पाहुण्यांचं लक्ष नेमकं तिथेच जातं. मी सांगतो, सुताराकडे त्या रंगाचं लाकूड नव्हतं. त्यावर आमची ही स्वयंपाकघरातून ओरडते, "अहो, खरं सांगा ना! अस्वलापायी मोडला म्हणावं." मग पाहुणे हातातला कप खाली ठेवून दाराकडे बघायला लागतात, आणि मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. हल्ली मी ते आवडीनं सांगतो. आवडीनं म्हणजे, कुणी विचारलं नाही तर मीच त्या पायाला बूट आपटतो.

आमच्या मुलीला घरात सगळे बटण म्हणतात. जन्मली तेव्हा इतकीशी होती की तिची आत्या म्हणाली, "अगं, हे तर बटण!" आणि ते नाव चिकटलं ते चिकटलं. हे बटण लहानपणी या टेबलाखाली राहायचं. चारी बाजूंनी चादर सोडलेली, आत अंधार, आणि अंधारात एक अस्वल. मी ऑफिसातून आलो की टेबलावर टकटक करून विचारायचो, "अस्वलसाहेब, आहात का घरात?" आतून घोगरा आवाज यायचा, "कोण आहे? काय काम आहे?" मग मी पँटची इस्त्री विसरून फरशीवर बसायचो आणि अस्वल दिवसभराची हकिकत सांगायचं. शाळेत कुणी कुणाला ढकललं, बाईंनी कुणाचं नाक पुसलं, डबा कुणी संपवला. बोलण्याआधी अस्वल डावा कान खाजवायचं. का, ते अस्वलालाच ठाऊक.

पुढे बटण मोठं झालं. टेबलाखालून टेबलावर आलं, अभ्यासाला बसलं, कॉलेजात गेलं, आणि आमच्यातलं बोलणं आटत आटत तीन शब्दांवर आलं. हो, नाही आणि बघू. भांडण नव्हतं हो. पोरगी गुणी आहे. पण मी म्हणावं, "आज उकडतंय," तिनं म्हणावं, "हो." मी म्हणावं, "पंखा लावू?" तिनं म्हणावं, "बघू." पुढचं काय बोलायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. त्यातच तिला लांबच्या शहरात नोकरी लागली. पावसाळा संपला की जायचं ठरलं. आणि मला एकदम धसका बसला. जाण्याआधी पोरीनं माझ्याशी नीट बसून दोन शब्द बोलावेत, एवढीच माझी इच्छा. बाकी नोकरी, पगार, बढती सगळं ज्याच्या त्याच्या जागी.

आता खेळाचं सांगतो. दर रविवारी दुपारी बटणाचे दोस्त आमच्याकडे यायचे आणि या टेबलाभोवती बसून एक खेळ खेळायचे. खेळ असा की आपण आपण नाही असं धरून चालायचं. एक जण तलवारबहाद्दर होतो, एक चोर, एक वैद्यीण. जे काय घडायचं ते बोलण्यात घडतं. "मी दार ढकलतो" म्हटलं की ढकललं. ते उघडतं की नाही हे फाशावर ठरतं, आणि त्या फाशाला चक्क वीस बाजू. या सगळ्या जगाचा कारभार बघायला एक सूत्रधार असतो. वाटेतला दरोडेखोर तोच, धर्मशाळेतली म्हातारी तोच, पाऊसही तोच. आमच्याकडे सूत्रधार बटण. म्हणजे माझ्याशी आठवडाभर तीन शब्दांत बोलणारी पोर रविवारी दरोडेखोरांच्या आख्ख्या टोळीच्या वतीनं दुपारभर बोलायची. मी आतल्या खोलीत पेपर तोंडासमोर धरून ऐकत बसायचो. पेपर उलटा धरलाय हे एकदा हिनं येऊन सांगितलं.

दोस्त तिघं. चष्मा लावणारा तलवारबहाद्दर, याच्या मांडीवर सतत नियमांचं जाडजूड पुस्तक उघडं, म्हणून मी त्याला नियमवाला म्हणायचो. ताडमाड उंच तो चोर, त्याला सगळेच लांबू म्हणत. आणि एक हसरी मुलगी वैद्यीण. चौथा एक मांत्रिक होता, त्याची बदली झाली. एका बंदराचा चोरीला गेलेला दिवा किल्ल्यातून सोडवून आणायचा अशी कामगिरी होती, आणि मांत्रिकाची खुर्ची रिकामी. मी पाणी आणून देण्याच्या निमित्तानं बाहेर गेलो आणि तोंडातून निघून गेलं, "मी बसू का?"

लांबूनं बटणाकडे बघितलं, बटणानं छताकडे बघितलं. शेवटी म्हणाली, "बस." तीन शब्दांच्या बाहेरचा तो पहिला शब्द. मी मनातल्या मनात नोंद केली.

मांत्रिकाची करामत म्हणजे पाचारण. मंत्र म्हणायचा, फासा टाकायचा, की कुठून तरी एखादा प्राणी मदतीला हजर. पण त्याच्या अटी ऐका. टेबलावर एक वाळूचं घड्याळ उलटं करायचं. वाळू खाली पडेपर्यंत प्राणी थांबतो, मग नाहीसा. हुकूम तोंडी द्यायचा. हुकूम दिला नाही तर तो स्वतःला सांभाळत नुसता उभा. दिला तर शब्दाला शब्द तेवढंच करतो. मी फासा टाकला. बटणानं यादीत बोट फिरवलं, जराशी थांबली आणि म्हणाली, "अस्वल."

समोर दरोडेखोर, सगळे माझ्याकडे बघतायत. मी उभी हयात पाणीपुरवठ्याच्या तक्रार विभागात काढलेली. नळ फुटला की फिटर धाडायचे हे माझं काम. काम सांगायची एक रीत असते. मी खाकरून म्हटलं, "जरा त्या माणसाकडे बघा."

"अस्वल त्या माणसाकडे बघतं," बटण म्हणाली.

"हो, पण बघा म्हणजे... बघून घ्या."

"अस्वल नीट बघून घेतं."

अस्वल बघत राहिलं, वाळू संपली, आणि दरोडेखोरांनी आम्हाला धर्मशाळेच्या हौदात फेकून दिलं. नियमवाला चष्मा पुसत राहिला. मी म्हटलं, अहो, पण त्याला नीट समजावून सांगायला नको का? त्यावर बटण म्हणाली, "त्याला आपली भाषा येत नाही, बाबा. तोडके हुकूम कळतात तेवढेच. बोलायचं तर तुझ्या मांत्रिकाला अस्वलांची भाषा शिकावी लागेल."

"कशी शिकायची?"

"बघू."

नियमवाल्यानं पुस्तक उघडून दाखवलं. 'सरावाने प्राण्याची भाषा साध्य होते.' आता हा सराव खेळातल्या मांत्रिकानं खेळातल्या खेळात करायचा असतो, हे कुणीही सुज्ञ माणसानं ओळखलं असतं. मी सोमवारी संध्याकाळी गॅलरीत उभा राहून गुरगुरायला लागलो.

आमच्या इमारतीत काही खासगी राहत नाही. वरच्या मजल्यावर एक निवृत्त गुरांचे डॉक्टर राहतात. ते तिसऱ्याच गुरगुरीला खाली आले आणि म्हणाले, "आवाज घशातून काढताय. चुकतंय. पोटातून काढा. आणि दात दाखवू नका, ते भांडणाचं लक्षण आहे." मी पोटातून काढला. त्यांनी माझ्या पोटावर हात ठेवून, डोळे मिटून, तपासल्यासारखं केलं आणि वजन कमी करा म्हणाले. समोरच्या दारातल्या मास्तरीणबाईंना ते पसंत पडलं नाही. त्यांनी आयुष्यभर पोरांना भाषा शिकवली. "कुठलीही भाषा आधी स्वरांपासून," त्या म्हणाल्या. "तुमचा आकार फार आखूड आहे. म्हणा, आऽऽ." मग डॉक्टर पोटातून आणि बाई स्वरातून, असा माझा दुहेरी अभ्यास सुरू झाला. जिन्यावरून जाणारी माणसं सुरुवातीला थांबायची. नंतर नंतर नुसतं "चालू द्या" म्हणून जायला लागली. या 'चालू द्या'त जो अपमान भरलेला असतो, तो भोगल्याशिवाय कळायचा नाही.

त्यातून तक्रार गेली. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी पूर्वी कर खात्यात होते. कुणाचं काही चुकलेलं नसलं की त्यांना करमत नाही. ते नियमावली घेऊन दारात उभे. "आपल्याकडे हिंस्र प्राणी ठेवल्याची तोंडी तक्रार आहे."

"हिंस्र नाही हो. आणि ठेवलेलं नाही. येऊन-जाऊन असतं."

"लिफ्ट वापरतं का?"

मी म्हटलं, ते खेळातलं अस्वल आहे, नसलेलं आहे. त्यांनी विचार केला. "नसलेल्या प्राण्याबद्दल नियमावलीत काही नाही. म्हणजे परवानगी आहे असंही नाही." आणि रीतसर पाहणी करायला पुन्हा येईन असं सांगून गेले.

पुढच्या रविवारी मी टेबलावर सराव करून दाखवला. पोटातून, लांब स्वर, दात झाकून. लांबू खुर्चीसकट मागे सरकला. बटण पुढ्यातल्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेली. बराच वेळ नुसते तिचे खांदे हलत होते. मग वर आली, डोळे पुसले आणि म्हणाली, "फासा टाक, बाबा." फासा छान पडला. मला अस्वलांची भाषा आली.

लगेच पाचारण केलं. घड्याळ उलटं झालं. आणि बटणानं बोलण्याआधी डावा कान खाजवला.

"कोण आहे? काय काम आहे?"

तोच घोगरा आवाज. अगदी तोच. तिनं तो आवाज मुद्दाम काढला होता की आपोआप बाहेर आला, हे मी तेव्हा विचारलं नाही. मला गहिवरून आलं होतं, आणि पोराटोरांसमोर रडायचं म्हणजे पंचाईत. समोर किल्ल्याचे पहारेकरी भाले रोखून उभे होते.

आता एक सांगतो. बोलावलेल्या माणसाला आल्या आल्या काम सांगायचं नसतं. नळवाला असो, सुतार असो, वायरमन असो. आधी बसा म्हणायचं, पाणी द्यायचं, घरी कोण कोण असतं विचारायचं, मुलं काय करतात विचारायचं. मग तो आपणहून म्हणतो, "बोला, काय गळतंय?" या रीतीनं मी शहराचे अर्धे नळ दुरुस्त करून घेतलेत. मी अस्वलाला म्हटलं, "आपण आधी बसा. लांबून आलात. घरी कोण कोण असतं?"

"काका!" नियमवाला ओरडला. "हुकूम द्या, हुकूम!"

"अरे, आल्या आल्या कामाला जुंपायचं? पाणी तरी विचारू दे."

अस्वल खूश झालं. म्हणालं, "कुणी विचारत नाही हो असं. सगळे बोलावतात आणि म्हणतात, चाव." मग त्यानं सांगितलं की घरी आईवडील असतात, वडिलांना गुहा सोडवत नाही, आईचा जीव सगळ्यांत. गुहेच्या भिंतीला ओल आलीय. हे अस्वल मला अहो-जाहो करत होतं. मी ओलीवर उपाय सांगत होतो तेवढ्यात वाळू संपली. पहारेकऱ्यांनी नियमवाल्याच्या तलवारबहाद्दराला जाळ्यात टांगलं आणि तो पुढचा सगळा वेळ उलटा लटकून राहिला. म्हणजे खेळात. बाहेर तो फुरंगटून बसला होता.

पण मला किल्ल्याचं काय घेणं! त्या दिवसापासून दर रविवारी मी अस्वलाला बोलवायचो आणि एक एक गोष्ट बाहेर यायची. त्याला दूरच्या डोंगरावर मधाचं काम मिळालंय. जायचंय, पण तिथली अस्वलं आपल्याला जवळ करतील का, ही धास्ती आहे. नव्या गुहेत एकट्यानं झोपायची सवय नाही. आणि हे आईला सांगता येत नाही, ती जागत बसेल. मी रात्री जेवताना हिला म्हटलं, "अस्वलाला नव्या गुहेची भीती वाटते." बटण मान खाली घालून जेवत होती. ही वाढता वाढता थांबली. माझ्यापेक्षा तिला सगळं लवकर कळतं. म्हणाली, "अस्वलाला सांगा, पहिले काही दिवस वाटतंच. दिवा लावून झोपावं."

"सांगतो," मी म्हटलं.

"आणि विचारा, जाड पांघरूण नेणार का."

रविवारी अस्वलानं उत्तर दिलं, निळं नेईन, हिरवं टोचतं. असं आमचं घर अस्वलामार्फत बोलायला लागलं. मधल्या वारी हो, नाही, बघू. पण आता त्या 'बघू'कडे मी रागानं बघत नव्हतो. रविवार काही लांब नव्हता.

हे सगळं सुरळीत चाललं असतं, पण डॉक्टर मध्ये पडले. ते म्हणाले, भाषा आली, पण बैठक कुठंय? प्राण्याचं बोलणं त्याच्या बसण्यावर असतं. गुहेत बसून बघा, आवाज आपोआप सुटेल. मला ते पटलं. आज विचार करतो तेव्हा का पटलं हे सांगता येत नाही. घरात कुणी नसताना मी बाहेरून आलो, चादर सोडली आणि बुटांसकट टेबलाखाली शिरलो.

आत गेलो आणि बघतो तर वर, टेबलाच्या पोटाला, खडूनं काढलेलं एक अस्वल. पुसट झालेलं. डावा कान उजव्याच्या दुप्पट. खाली वाकड्या अक्षरांत लिहिलेलं, 'बूट काढून आत या.' मी इतकी वर्षं त्या टेबलावर जेवलो आणि खाली हे होतं. मी बूट काढले. शपथेवर सांगतो, वाकल्या जागी, कोपर टेबलाच्या पायाला आपटत, दोन्ही बूट काढले आणि बसून राहिलो. सराव राहिला बाजूला. मला त्या संध्याकाळी आठवत होत्या, चादरीतून येणारा पिवळा उजेड, आणि खरकटी बोटं माझ्या बाहीला पुसणारं अस्वल. त्या परत कुणी देत असतं तर मी बढतीबिढती सगळी त्याला देऊन टाकली असती.

तेवढ्यात लोटलेलं दार ढकलून डॉक्टर आले, कितपत जमलं बघायला. त्यांच्या मागोमाग सेक्रेटरी, पाहणीला. चादर वर झाली. "हे काय?" सेक्रेटरी म्हणाले. आता मला एक खोड आहे. वरिष्ठ खोलीत आले की मी उठून उभा राहतो. हयातीची सवय, ती काय टेबल बघून थांबते? मी ताडकन उभा राहिलो. डोकं टेबलाला, टेबल भिंतीला, आणि एक पाय कडकन मोडून आडवा. डॉक्टरांनी माझ्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि प्राणी शुद्धीवर आहे असं जाहीर केलं. सेक्रेटरींनी पाहणीचा निष्कर्ष सांगितला, "घरात एकच प्राणी आढळला, आणि तो सभासद आहे."

झालं. टेबल सुताराकडे, आणि बटण जाण्याआधीचा शेवटचा रविवार तोंडावर. किल्ल्याचं महाद्वार बाकी. बटण म्हणाली, "राहू दे बाबा. नाही तर नाही." तिचा चेहरा एवढासा झाला होता. मी म्हटलं, राहू दे म्हणजे काय? आणि सोसायटीच्या हॉलसाठी अर्ज केला. 'कारण' या रकान्यात खोटं कशाला लिहायचं म्हणून लिहिलं, 'अस्वलास निरोप.' सेक्रेटरींनी तो अर्ज तीनदा वाचला. वाढदिवस, बारसं आणि सर्वसाधारण सभा यांनाच हॉल मिळतो. अस्वल कशात बसवायचं? मास्तरीणबाई मदतीला धावल्या. "सर्वसाधारण सभेत बसवा. सभेत यापेक्षा वेगळं काय होतं?" शेवटी सर्व सभासदांना हजर राहायची मुभा, सेक्रेटरी जातीनं हजर, आणि ठरल्या वेळेला हॉल रिकामा, या अटींवर सभा मंजूर झाली.

रविवारी हॉलमध्ये लांब टेबल, भोवती आम्ही, मागे खुर्च्यांवर अर्धी इमारत. ही पहिल्या रांगेत, मांडीवर निळं पांघरूण. नुकतंच धुऊन वाळवलेलं, घडी करायला आणलं होतं म्हणे. खेळ रंगला. दिवा आमच्या हाती आला. पण किल्ल्याचं दगडी महाद्वार वरून खाली येऊ लागलं. आता ते कुणीतरी खांद्यावर तोललं तरच आम्ही बाहेर. माझ्या मांत्रिकापाशी एकच पाचारण उरलेलं. मी मंत्र म्हटला. बटणानं घड्याळ उलटं केलं. वाळू सुरू.

"काका, आज तरी हुकूम!" नियमवाला हात जोडून म्हणाला. मागून डॉक्टर म्हणाले, "पोटातून!" बाई म्हणाल्या, "स्पष्ट!" मला कळत होतं की आज विचारपूस करायची वेळ नाही. दार तोला, एवढंच म्हणायचं. मी तोंड उघडलं.

बटणानं डावा कान खाजवला. "थांबा," अस्वल म्हणालं. "दर वेळी तुम्हीच विचारता. आज मी विचारणार."

"विचारा," मी म्हटलं.

"गुडघा कसा आहे?"

"दुखतो. जिना चढताना."

"गोळ्या वेळेवर घेता?"

"ही देते म्हणून घेतो."

वाळू अर्ध्याच्या खाली गेली होती. बटण घड्याळाकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. पुढचं बोलली तेव्हा तो घोगरा आवाज कुठल्या कुठे गेला होता.

"मी गेल्यावर तू रविवारी दुपारी काय करणार, बाबा?"

मनात आलं, थाप मारावी, बागेत जाईन म्हणावं, पेपर वाचेन म्हणावं. पण ते अस्वल होतं, आणि अस्वलाशी मी कधी खोटं बोललो नव्हतो. म्हटलं, "माहीत नाही गं. टेबलापाशी बसेन. सवयीनं एखादे वेळी टकटक करीन." वाळूचा शेवटचा चिमूटभर भाग राहिला होता.

बटणानं हात पुढे केला आणि घड्याळ आडवं ठेवलं.

वाळू थांबली. सगळ्यांनी नियमवाल्याकडे बघितलं. खेळातल्या प्रत्येक घोटाळ्याला "हे नियमात नाही" म्हणणारा पोरगा तो. त्यानं पुस्तक उघडलं, एक पान उलटलं, आणि मिटून मांडीखाली घालून त्यावर बसला. मग सगळ्यांनी सेक्रेटरींकडे बघितलं. हॉलची वेळ भरत आली होती. ते मनगटावरच्या घड्याळाकडे बघून उभे राहिले, खाकरले आणि म्हणाले, "आडव्या घड्याळाची वेळ धरता येत नाही. सभा चालू राहील." आणि खाली बसून त्यांनी रुमालानं नाक शिंकरलं.

मग आम्ही बोललो. ती म्हणाली, तिलाही टेबलाखालचं सगळं आठवतं. ती म्हणाली, माझ्याशी काय बोलायचं हे तिलाही कुणी शिकवलं नव्हतं. मी हसत म्हणालो, "अगं, मग दोघंही नापासच की यात." लांबूनं डोळे पुसले, हसरी तर उघड उघड रडत होती. डोक्यावर महाद्वार लटकलेलं, आणि आम्ही बापलेक खाली उभे राहून नव्या गुहेतल्या स्वयंपाकाचं बोलतोय. तिनं वरण कसं करायचं विचारलं, तर मागून ही सांगायला लागली आणि सगळ्या बायका तिला दुरुस्त करायला लागल्या.

किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी मीच हात पुढे केला. घड्याळ उचललं, क्षणभर मुठीत धरलं आणि परत उभं ठेवलं. तिनं ठेवलं असतं तर तिला जड गेलं असतं. "चला, अस्वलसाहेब," मी म्हटलं. "दार तोला. पोरांना बाहेर काढू."

"तोललं," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

आम्ही दिवा घेऊन बाहेर पडलो. वाळू संपली. टाळ्या झाल्या, आणि ही उठून पांघरूण बटणाच्या खांद्यावर टाकून आली.

बटण गेली. टेबल नव्या पायासह परत आलं. सुताराला मी बजावलं होतं की खालचं खडूचं पुसायचं नाही. पहिल्या रविवारी दुपारी मी त्याच्यापाशी बसलो. ही आत होती, घर नुसतं गार पडलं होतं. मी उगाच दोन बोटांनी टकटक केलं आणि स्वतःचाच राग येऊन उठणार, तेवढ्यात फोन वाजला.

"पोचलीस ना नीट? खोली बरी आहे?"

"हो."

"उकडतं का तिकडे?"

"नाही."

मी ठेवू का विचारणार होतो. तेवढ्यात पलीकडून कान खाजवल्यासारखी खरखर झाली आणि घोगरा आवाज आला, "कोण आहे? काय काम आहे?"

मी खुर्ची पुढे ओढली. हिला हातानंच बोलावलं, ती पदराला हात पुसत येऊन शेजारी बसली. म्हटलं, "काम कसलं! आपण आधी बसा. पाणी घ्या. घरचे सगळे बरे आहेत ना?"

"ते विचारायलाच तर फोन केलाय, बाबा," अस्वल म्हणालं. "सांग."